यादीत नसलेलं दान

मी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शास्त्रवाचन करते. उपासनेत संदेशाच्या आधी पुढे जायचं, त्या दिवसाचा उतारा मोठ्याने वाचायचा आणि जागेवर येऊन बसायचं, एवढंच काम. कृपादानांच्या, म्हणजे इतरांच्या सेवेसाठी देव माणसाला देतो त्या देणग्यांच्या, ज्या याद्या पवित्र शास्त्रात आहेत त्यांतल्या एकीतही 'वाचन' असा शब्द नाही. तरी हे देवाने मला दिलेलं दान आहे, असं मी आज ठामपणे म्हणू शकते. ते कसं कळलं हे लिहून काढावंसं वाटलं, कारण अलीकडे तरुण संघातल्या मुलींनी वेगवेगळ्या वेळी मला तोच प्रश्न विचारला: "ताई, देवाने मला नेमकं काय दिलंय, ते ओळखायचं कसं?"

विचारताना त्यांच्या आवाजात जी काळजी होती ती मला चांगली ओळखीची आहे. सगळ्यांना आपापली पाकिटं वाटून झाली आणि आपलंच नाव पुकारायचं राहिलं, अशी काहीशी.

आधी त्या याद्यांबद्दल, कारण बहुतेकांचा गोंधळ तिथेच सुरू होतो. प्रेषित पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात ७ दानं आहेत: संदेश (देवाने सुचवलेलं बोलणं), सेवा, शिक्षण, बोध, दानधर्म, पुढारीपण, दया. त्याच्याच करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १२व्या अध्यायाच्या सुरुवातीला ९ आहेत. ज्ञानाचं वचन, विद्येचं वचन, विश्वास, निरोगी करण्याची दानं, अद्भुत कार्यं आणि पुढची. त्याच अध्यायाच्या शेवटी पौल पुन्हा यादी देतो आणि ती वरच्या यादीशी जुळत नाही. तिथे प्रेषित येतात, शिक्षक येतात, आणि अद्भुत कार्यांच्याच ओळीत 'मदत करणं' आणि 'व्यवस्था पाहणं' येतं. इफिसकरांस पत्राच्या ४थ्या अध्यायात दानांऐवजी माणसंच आहेत: प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक, शिक्षक. प्रेषित पेत्र आपल्या पत्रात तर दोनच गोष्टी सांगतो. कोणी बोलतो, कोणी सेवा करतो. दया रोमकरांच्या यादीत आहे, करिंथकरांच्या यादीत नाही. आत्म्याच्या प्रेरणेने अनोळखी भाषा बोलण्याचं दान करिंथकरांत आहे, रोमकरांत नाही. याच करिंथकरांस पत्राच्या ७व्या अध्यायात पौल आपल्या अविवाहित राहण्यालाही देवाकडून मिळालेलं दान म्हणतो, आणि ते या कुठल्याच यादीत नाही.

पौलाला पूर्ण तक्ता द्यायचा असता तर एकाच अध्यायात दोन न जुळणाऱ्या याद्या त्याने लिहिल्या नसत्या. तो उदाहरणं देत होता, समोरच्या मंडळीत जे दिसत होतं आणि जे बिघडलं होतं त्यावरून. हे मला उमगलं तेव्हा फार मोकळं वाटलं. जुन्या करारातल्या निर्गम पुस्तकाच्या ३१व्या अध्यायातला बसालेल आठवा. मी याला देवाच्या आत्म्याने भरलं आहे, असं देव ज्याचं नाव घेऊन म्हणतो असा शास्त्रातला हा पहिला माणूस. तो राजा नव्हता की संदेष्टा नव्हता. सोन्याचं, चांदीचं, पितळेचं काम करणारा, रत्नं जडवणारा, लाकूड कोरणारा कारागीर होता. त्याची कारागिरी पौलाच्या कुठल्या यादीत शोधायची?

आता माझं. आमच्या मंडळीत एकदा सगळ्यांना प्रश्नावली वाटली होती. अशा प्रश्नावल्या १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या मंडळ्यांत रुळल्या आणि तिथून सगळीकडे गेल्या. अनेक विधानं असतात. 'मला लोकांची कामं वाटून द्यायला आवडतात', 'दुःखात असलेल्या माणसाजवळ बसावंसं मला वाटतं', अशी. प्रत्येकापुढे गुण द्यायचे आणि शेवटी बेरीज करायची. माझी बेरीज 'व्यवस्थापन' अशी आली. नवल नव्हतं. माझी नोकरीच हिशेबाची आणि वेळापत्रकांची आहे. त्यावरून मला कार्यक्रम समितीत घेतलं आणि मी ते काम बराच काळ केलं. चांगलं केलं. याद्या वेळेवर लागायच्या, खुर्च्या कमी पडायच्या नाहीत, पावत्या जुळायच्या.

प्रश्नावली खोटं बोलली असं मी म्हणत नाही. मला जे येतं ते तिने बरोबर सांगितलं. पण मला येणारं काम आणि माझ्या हातून इतरांची उभारणी होते ते काम, यांतला फरक कागदावर पडत नाही. तो मला दुसऱ्या कोणाकडे पाहून दिसला. समितीत माझ्यानंतर एक भाऊ आले. त्यांची वेळापत्रकं माझ्याइतकी नीटनेटकी नसत. पण ते कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी एकेका स्वयंसेवकाला फोन करायचे. 'उद्या वेळेवर या' हे सांगायला तो फोन नसायचा. 'तुझं काही अडलंय का?' एवढं विचारायला असायचा. कोणाचं मूल आजारी असायचं, कोणाचं दुसऱ्या स्वयंसेवकाशी बिनसलेलं असायचं, कोणाला दिलेलं काम झेपणार नाही अशी धास्ती असायची. ते सगळं रात्रीच सुटायचं. सकाळी लोक कामाला यायचे ते मोकळ्या मनाने. ते भाऊ नुसते दाराशी उभे असले तरी बाकीच्यांना हुरूप यायचा. व्यवस्था पाहण्याचं दान मदत आणि निरोगी करण्याच्या दानांच्या शेजारी पौलाने का बसवलं, हे मला त्यांच्यामुळे समजलं. माझ्या हातून कामं व्हायची. त्यांच्या हातून माणसं उभी राहायची.

एका रविवारी नेहमीचे वाचक आजारी पडले. पाळकसाहेबांनी उपासना सुरू व्हायच्या जरा आधी मला हाक मारली आणि उतारा हातात दिला. पौलाने तुरुंगातून आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेलं दुसरं पत्र, ४था अध्याय, शेवटचा भाग. हा उतारा बहुतेकांना वाचनासाठी नीरस वाटतो. निरोप, नावं, किरकोळ कामं. देमास मला सोडून गेला. एकटा लूक माझ्याजवळ आहे. मार्काला बरोबर घेऊन ये. त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा आण, पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं. माझ्या पहिल्या जबाबाच्या वेळी माझ्या बाजूने कोणीच उभं राहिलं नाही. हिवाळ्याआधी ये.

तयारीला वेळ नव्हता. बाकावर बसल्या बसल्या मी तो एकदा मनात वाचला, आणि वाचता वाचता मला तो म्हातारा कैदी दिसला. थंडीचे दिवस जवळ येताहेत, अंगावर घ्यायला काही नाही, आणि तो पांघरायच्या झग्याइतक्याच निकडीने पुस्तकं मागतोय. मी पुढे गेले आणि तेवढंच डोळ्यांसमोर ठेवून वाचलं. नावांवर थांबले. 'हिवाळ्याआधी ये' म्हणताना घाई केली नाही. वाचून झालं, जागेवर आले.

उपासना संपल्यावर आमच्यातल्या एका आजींनी मला गाठलं. त्यांची दृष्टी बरीच वर्षं गेलेली आहे. शास्त्र त्यांच्यापर्यंत पोचतं ते दुसऱ्या कोणाच्या आवाजातूनच. काठी बाकाला टेकवून त्यांनी दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "पोरी, पौल किती एकटा पडला होता गं. आजवर कितीदा ऐकलं असेल. आज ते मला पोचलं." मग जरा थांबून, "घरी येऊन परत एकदा वाचशील?"

गेले. परत वाचला. यजमान गेल्यापासून त्याही एकट्याच होत्या आणि ते कोणाशी बोलत नव्हत्या. त्या संध्याकाळी पौलाच्या झग्यावरून बोलणं निघालं आणि त्यांनी यजमानांचं कपाट अजून उघडलेलं नाही, हे मला सांगितलं. मी काही उपदेश केला नाही, मला तो जमतही नाही. आम्ही उतारा तिसऱ्यांदा वाचला, त्यातलं 'प्रभू माझ्याजवळ उभा राहिला' हे वचन आजींनी माझ्याबरोबर म्हटलं, आणि प्रार्थना त्यांनीच केली.

दान ओळखण्याबद्दल मला जे सांगायचं आहे ते खरं तर एवढंच आहे: ते मला आधी कळलं नाही, आजींना कळलं. मग पाळकसाहेबांना दिसलं, मग वडीलजनांनी, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांनी, बोलावून विचारलं की हे नेमाने करशील का. मी तोवर स्वतःच्या आत डोकावून शोधत होते आणि आत फारसं काही सापडत नव्हतं. पौल करिंथकरांना लिहितो की प्रत्येकाला आत्म्याचं प्रकटीकरण होतं ते सर्वांच्या हितासाठी. दान मुळात दुसऱ्यासाठी दिलेलं असेल, तर त्याची पहिली खूण दुसऱ्यातच उमटणार. मी दिवसभर आरशासमोर बसले असते तरी आजींच्या घरी काय घडलं ते मला त्यात दिसलं नसतं.

नेमाने वाचायला लागल्यावर शोधाशोध केली आणि लक्षात आलं की यादीत नसलं तरी हे काम किती जुनं आहे. नहेम्याच्या ८व्या अध्यायात एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, मंदिराची सेवा करणारे लेवी ते लोकांना समजेल असं स्पष्ट करून सांगतात, आणि ऐकणारे रडायला लागतात. नासरेथच्या सभास्थानात प्रभू येशू वाचायलाच उभा राहिला, यशयाचा ग्रंथपट उलगडून. पहिल्या शतकातल्या बहुतेक विश्वासणाऱ्यांना वाचता येत नव्हतं. पौलाची पत्रं त्यांनी 'वाचली' ती कानांनी. थेस्सलनीकाकरांना तर तो प्रभूची शपथ घालून बजावतो की हे पत्र सगळ्या बंधूंना वाचून दाखवा. प्रकटीकरण या पुस्तकाच्या सुरुवातीलाच वाचून दाखवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना धन्य म्हटलं आहे. वाचणारा एकवचनी, ऐकणारे अनेकवचनी.

आणि मग तीमथ्याला पहिलं पत्र, ४था अध्याय. १३व्या वचनात पौल म्हणतो, मी येईपर्यंत वाचन, बोध आणि शिक्षण यांकडे लक्ष ठेव. लगेच १४व्यात म्हणतो, तुझ्यात असलेल्या कृपादानाकडे दुर्लक्ष करू नको, जे वडीलजनांनी हात ठेवले तेव्हा तुला मिळालं. ही दोन वचनं मी आयुष्यभर वेगवेगळी ऐकली होती. एकापाठोपाठ एक मोठ्याने वाचली तेव्हा ती एकमेकांना बिलगून आहेत हे कळलं.

पुढच्या काळातलं आणखी भारावून टाकणारं आहे. साधारण इसवी सन १५५च्या सुमाराला जस्टिन मार्टिर हा ख्रिस्ती लेखक रविवारच्या सभेचं वर्णन करतो: प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचले जातात, वाचणारा थांबला की मग अध्यक्ष बोध करतो. २५१ साली रोमचा बिशप कर्नेलियस आपल्या मंडळीतल्या सेवकांची मोजदाद एका पत्रात देतो. त्यात ४६ वडीलजन, ७ डीकन (मंडळीचे सेवक), आणि झाडून सगळ्यांच्या शेवटी एकत्र मोजलेले भूतं काढणारे, वाचक आणि द्वारपाळ मिळून ५२. दार सांभाळणारा आणि वचन वाचणारा एकाच आकड्यात! मला हे फार आवडतं. त्याच सुमाराला कार्थेजचा बिशप सिप्रियन याने ऑरेलियस आणि सेलेरिनस या दोघांना वाचक नेमलं. दोघेही नुकत्याच झालेल्या छळात ख्रिस्ताचं नाव न सोडता टिकून राहिलेले. ज्या तोंडाने न्यायाधीशापुढे ख्रिस्ताला कबूल केलं, त्याच तोंडाने मंडळीपुढे शुभवर्तमान वाचावं, असा सिप्रियनचा विचार होता. म्हणजे त्यांची परीक्षा आवाजाची झाली नाही. मंडळीने आधी माणूस ओळखला, मग काम दिलं.

मी तयारी कशी करते हे मुलींना कुतूहलाचं वाटतं, म्हणून सांगते. उतारा आठवडाभर आधी मिळतो. मी तो वहीत हाताने उतरवून काढते, एकेक विचार एकेका ओळीवर. श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलीची बारीक रेघ. जिथे बोलणारा बदलतो तिथे समासात खूण. वचनांचे आकडे मी गाळते, कारण ते लिहिणाऱ्यांनी घातलेले नाहीत. अध्याय १३व्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टनने पाडले आणि नव्या कराराची वचनं १५५१ साली छापखानदार रोबेर एतिएन्नने. सोय मोठी झाली, पण कात्री कधीकधी नको तिथे लागली. करिंथकरांचे १२, १३ आणि १४ हे अध्याय सलग वाचून पाहा. १३वा अध्याय आपण लग्नांत वाचतो, तोही गोडच. पण तो लिहिला गेला तो दानांवरून एकमेकांना हिणवणाऱ्या मंडळीसाठी. देवदूतांच्या भाषा बोललो, डोंगर ढळवणारा विश्वास असला, सगळी मालमत्ता वाटून टाकली, आणि प्रीती नसली तर मी काहीच नाही. हे शब्द नवरा-नवरीला उद्देशून नव्हते. ज्याला वाटत होतं की आपलं दान मोठं, त्याला उद्देशून होते. सलग वाचलं की अंगावर येतं.

इफिसकरांचा पहिला अध्याय हा तर वाचणाऱ्याचा कस. मूळ ग्रीकमध्ये ३ ते १४ ही वचनं मिळून एकच वाक्य आहे. पौलाला थांबवेना, असं वाटतं. मराठीत ते तोडावं लागतं, पण वाचताना त्या उसळीचा थोडा तरी अंश राहायला हवा म्हणून मी तिथे रेघा कमी मारते.

बाबा गेले त्या आठवड्यात माझी पाळी होती. पाळकसाहेब म्हणाले, नको वाचूस. मी वाचलं. आत कसलीच ऊब नव्हती, शब्द फक्त पुढे सरकत होते. नंतर एक जण म्हणाले की आजचं वाचन मनात राहिलं. सेवा करणाऱ्याने देवाने पुरवलेल्या शक्तीने करावी असं पेत्र लिहितो, ते मला त्या दिवशी पटलं. दान माझ्या मनःस्थितीवर अवलंबून नसतं, याचा तेव्हा मला मोठा आधार वाटला.

भाषा बोलण्याच्या आणि निरोगी करण्याच्या दानांबद्दल मंडळ्यामंडळ्यांत मतं वेगळी आहेत. काहींच्या मते ती प्रेषितांच्या काळापुरती होती, काहींच्या मते आजही आहेत. आमच्या एकाच बाकावर दोन्ही मतांची माणसं बसतात. मी या वादात इथे शिरत नाही. पौलाने दिलेलं माप दोघांनाही लागू पडतं: मंडळीची उभारणी होते का? अन्य भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजणारे ५ शब्द बोलणं मला बरं, असं तो स्वतः त्या भाषा बोलणारा असून म्हणतो.

जागेबद्दल मात्र सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण दान असणं एक आणि त्याला जागा मिळणं दुसरं. पूर्वी मी ज्या मंडळीत जात होते तिथे बायकांनी पुढे उभं राहून वाचायचं नाही असा शिरस्ता होता. तिथल्या लोकांनी मला विश्वासात वाढवलं, त्यांच्याबद्दल माझ्या मनात प्रेम आहे. पण तिथे राहिले असते तर आजींना पौल भेटला नसता, हेही खरं. रोमकरांस पत्र किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिच्या हाती रोमला गेलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पौलाने इतकं मोठं पत्र एका बहिणीवर सोपवलं, आणि आम्ही त्यातला उतारा बहिणीच्या हातात द्यायला कचरत होतो.

हे फक्त बायकांपुरतं नाही. आमच्याकडे चाकांच्या खुर्चीवरून येणारा एक तरुण आहे. आम्ही सगळे दर प्रार्थना सभेत त्याच्यासाठी प्रार्थना करायचो. त्याला मध्ये घ्यायचं, डोक्यावर हात ठेवायचे. एकदा एका काकूंनी सहज त्याला विचारलं, "बाळा, माझा गुडघा फार दुखतोय आणि मुलाची नोकरी गेलीय, तू माझ्यासाठी प्रार्थना करशील?" तो क्षणभर गोंधळला, कारण हे त्याला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. मग त्याने केली. साध्या शब्दांत, मुलाचं नाव घेऊन, आणि पुढच्या वेळी भेटल्यावर गुडघ्याची चौकशी करून. आज प्रार्थनेच्या विनंत्यांची वही त्याच्याकडे असते. एकही नाव तो विसरत नाही. शरीराचे जे अवयव अधिक अशक्त दिसतात तेच आवश्यक असतात, असं पौल लिहितो. आम्ही ते वाचत होतो आणि त्या मुलाला घेणाऱ्यांच्या रांगेत बसवत होतो. त्याचं दान त्याने लपवलं नव्हतं. त्याला विचारणारं माणूस उशिरा भेटलं.

म्हणून मुलींनी मला विचारलं की मी उलट विचारते: तू नसलीस की मंडळीत कोणाचं काय अडतं? यावर एक मुलगी म्हणाली, "कोणाचंच नाही. मला गाता येत नाही, बोलता येत नाही, चारचौघांत मी गप्प असते." मी तिला काही महिने पाहत होते. उपासनेला पहिल्यांदा आलेला माणूस, कोणीही असो, शेवटी हिच्याच शेजारी बसलेला असायचा. गीताचं पान ती काढून द्यायची, प्रभुभोजनाच्या वेळी काय होणार ते हळूच सांगायची, आणि नंतर त्याला कोणाशी तरी जोडून द्यायची, ज्याचं काम किंवा दुःख त्याच्यासारखंच आहे अशा कोणाशी तरी. मी तिला योहानाच्या शुभवर्तमानात अंद्रिया शोधायला सांगितलं. पहिल्या अध्यायात तो भावाला, पेत्राला, येशूकडे घेऊन येतो. ६व्यात भाकरी आणि मासळी असलेला मुलगा त्यालाच दिसतो. १२व्यात येशूला भेटू इच्छिणाऱ्या ग्रीक लोकांची गोष्ट फिलिप्प त्यालाच येऊन सांगतो. अंद्रियाचं एकही भाषण लिहिलेलं नाही. ती शोधून आली आणि म्हणाली, "ताई, हा तर सारखा कोणाला तरी आणतोच आहे."

मी तिला 'हे तुझं दान' असं सांगितलं नाही. ते एकट्या माझ्या सांगण्याने ठरत नाही. वडीलजनांना सांगितलं, त्यांनीही लक्ष ठेवलं, आणि आता नव्या लोकांच्या स्वागताचं काम तिच्याकडे आहे. ती अजून गप्पच असते. त्याने काही बिघडत नाही.

मुलींना एवढं मात्र मी आग्रहाने सांगते की, ओळख पटेपर्यंत थांबू नका. रिकामी जागा दिसली की उभ्या राहा, मुलांचा वर्ग असो, आजारी माणसाच्या उशाशी रात्र काढणं असो. यरुशलेमेत विधवांच्या रोजच्या वाटपात अन्याय होतोय अशी तक्रार आली तेव्हा ७ जण निवडले गेले ते पंगतीची सेवा करायला. त्यातलाच स्तेफन पुढे यहुद्यांच्या न्यायसभेपुढे साक्ष द्यायला उभा राहिला, आणि फिलिप्प शोमरोनात सुवार्ता घेऊन गेला. प्रेषितांच्या काळातली शिष्या दुर्कस हिने शिवायला घेतलं तेव्हा तिने आधी आपलं दान तपासून घेतलं असेल असं वाटत नाही. ती गेल्यावर विधवांनी पेत्राला तिने केलेले अंगरखे आणि वस्त्रं काढून दाखवली. ती काय होती ते पेत्राला त्या कपड्यांवरूनच कळलं.

सध्या आम्ही वाचकांचा छोटा गट केला आहे. शनिवारी संध्याकाळी रिकाम्या सभागृहात बसतो. एक जण पुढून वाचतो, बाकीचे शेवटच्या बाकावर पाठ करून बसतात आणि शब्द पोचत नाही तिथे हात वर करतात. आजी जमेल तेव्हा येतात, आणि त्यांचा हात वर गेला की आम्ही सगळे ते वाक्य पुन्हा घेतो. गटातली सगळ्यात लहान मुलगी पुढच्या महिन्यात पहिल्यांदा वाचणार आहे. उतारा निवडायला सांगितलं तर तिने रोमकरांस पत्राचा १६वा अध्याय निवडला, नुसत्या नावांचा. का, तर तिला त्यात एक गोष्ट सापडली: पौल यांतल्या बहुतेकांचं दान सांगत नाही, त्यांनी काय केलं ते सांगतो. फिबीने पुष्कळांना साहाय्य केलं. प्रिस्का आणि अक्विला यांनी माझ्या जिवासाठी आपली मान पुढे केली. मरीयेने तुमच्यासाठी खूप श्रम केले. रूफाची आई मलाही आईसारखी. आणि शेवटी तर्तियस मध्येच स्वतःच्या नावाने सलाम सांगतो, कारण पत्र लिहून घेणारा हात त्याचा होता.

तिने विचारलं की लोक कंटाळतील, काही नावं गाळू का. मी म्हटलं, एकही गाळायचं नाही. हर्मेस आणि हर्मास यांच्यात ती अजून अडखळते. या शनिवारी तेवढ्याच ओळी घेऊन बसणार आहोत.